चरबीतल्या मूलपेशींना पत्ता कोण सांगतं?

‘पोटावरची चरबी काढायची, त्यातल्या मूलपेशी वेगळ्या करायच्या आणि सलाइनमधून परत द्यायच्या. मग जिथे बिघाड असेल तिथे त्या आपोआप जातात म्हणे. खरं का हे?’

शेजारच्या काकूंनी जाहिरातीचं पान पुढे करत विचारलं. गुडघेदुखी, मधुमेह, पक्षाघात, पार्किन्सन, सगळं एकाच पानावर होतं. काका गेली तीन वर्षं काठी घेऊन चालतात, त्यामुळे काकूंच्या विचारण्यात आशा होती आणि धास्तीही. त्या अडखळल्या होत्या ‘आपोआप’ या शब्दाशी. माझ्या मते अडखळायची नेमकी जागा तीच आहे. चरबीतून पेशी काढणं आता अवघड राहिलेलं नाही. त्यांना हव्या त्या ठिकाणी पोचवणं मात्र अजून नीट जमलेलं नाही, आणि जाहिरातीत सगळ्यात कमी बोललं जातं ते याबद्दलच.

चरबीत मूलपेशी कुठून आल्या?

शरीरातल्या बहुतेक पेशी एकेका कामाला कायमच्या जुंपलेल्या असतात. स्नायूची पेशी आकुंचन पावते, त्वचेची पेशी आवरण बनते. काही थोड्या पेशी मात्र राखीव असतात. त्या स्वतःसारख्या आणखी पेशी तयार करतात आणि गरज पडली तर ठरावीक प्रकारच्या कामकरी पेशीही घडवतात. या राखीव पेशी म्हणजे मूलपेशी, इंग्रजीतल्या स्टेम सेल. भ्रूणातल्या मूलपेशींपासून शरीरातली कुठलीही पेशी बनू शकते. मोठ्या माणसाच्या शरीरातल्या मूलपेशींचा आवाका मर्यादित असतो. चरबीतल्या मूलपेशी प्रयोगशाळेत हाड, कूर्चा आणि चरबी यांच्या पेशी बनवू शकतात. त्यांच्यापासून मेंदू किंवा स्वादुपिंड नव्याने उभं राहतं असा समज करून घेऊ नये.

अशा पेशी आधी सापडल्या त्या अस्थिमज्जेत, म्हणजे बोन मॅरोमध्ये. सोव्हिएत संशोधक अलेक्झांडर फ्रिडेनश्टाइन यांनी १९६०-७०च्या दशकांत त्यांचं काम दाखवून दिलं. पण मज्जा काढायची तर हाडात जाड सुई घालावी लागते, आणि हाती येणाऱ्या पेशी अगदी थोड्या असतात. २००१ मध्ये पॅट्रिशिया झुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लायपोसक्शनमध्ये निघालेल्या, एरवी फेकून दिल्या जाणाऱ्या चरबीत तशाच पेशी असल्याचं दाखवलं, त्याही भरपूर. तिथून या क्षेत्राला वेग आला.

चरबीतून त्या वेगळ्या कशा करतात? ताक घुसळताना लोणी वर येतं, तसाच काहीसा प्रकार असतो. चरबी धुतात, कोलॅजिनेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, घालून तिचं जाळं सैल करतात आणि यंत्रात गरगर फिरवतात. तेलकट पेशी वर तरंगतात. फरक एवढाच, की इथे लोणी बाजूला काढायचं असतं आणि हवं ते तळाला बसतं. तळाच्या या गाळाला एसव्हीएफ म्हणतात. त्यात मूलपेशी असतात, पण त्या थोड्या. बाकी रक्तवाहिन्यांच्या पेशी, रोगप्रतिकारक पेशी असा सरमिसळ माल असतो. शुद्ध मूलपेशी हव्या असतील तर हा गाळ प्रयोगशाळेत कित्येक दिवस वाढवावा लागतो. ‘सकाळी चरबी काढली, दुपारी इंजेक्शन दिलं’ असं जिथे चालतं तिथे दिला जातो तो बहुतेक वेळा हा गाळच. जाहिरातीत मात्र दोन्हींचं नाव एकच असतं.

शिरेतून निघालेली पेशी जाते कुठे?

हाताच्या शिरेत सोडलेली पेशी आधी हृदयाच्या उजव्या बाजूला जाते आणि तिथून थेट फुप्फुसांत. फुप्फुसांतल्या केशवाहिन्या साधारण ५ ते १० मायक्रॉन रुंद असतात. प्रयोगशाळेत वाढवलेली मूलपेशी असते १५ ते ३० मायक्रॉनची. (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) रव्याच्या चाळणीत शेंगदाणे ओतले तर जे होईल तेच इथे होतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत पेशींना खूण करून त्यांचा माग काढला तेव्हा बहुसंख्य पेशी फुप्फुसांत अडकलेल्या दिसल्या. सुटलेल्यांपैकी पुष्कळ यकृतात आणि प्लीहेत गेल्या. दुखऱ्या जागी पोचणाऱ्या फारच थोड्या. उंदरांत तर फुप्फुसांत अडकलेल्या बहुतेक पेशी दिवसभरात नाहीशाही होतात.

म्हणजे ‘आपोआप जातात’ हे साफ खोटं नाही. थोड्या जातात. पण गावजेवणाला निघालेल्या पन्नास गाड्या वेशीवरच अडकाव्यात आणि एखादी सायकल तेवढी मांडवात पोचावी, असा तो प्रकार आहे.

पांढऱ्या पेशींना मात्र हे रोज जमतं

बोटात काटा गेला की काही तासांत तिथे पांढऱ्या पेशींची गर्दी होते. त्या रक्तातूनच येतात आणि बरोबर त्याच बोटात उतरतात. त्यांना हे कसं जमतं?

कोकणात खाडीवर ‘तर’ चालते, म्हणजे माणसांना पलीकडे नेणारी नाव. पाण्याला ओढ असताना ती धक्क्याला कशी लागते ते आठवून पाहा. तांडेल नाव एकदम धक्क्यावर घालत नाही. बांबू धक्क्याला टेकवून, घासत घासत तो आधी तिचा वेग मोडतो. धक्क्यावरचा माणूस हाक देतो, ‘हितं, हितं!’ मग दोर फेकून खुंटाला आवळतात. नाव स्थिर झाली की फळी टाकून माणसं उतरतात. यातली एक गोष्ट जरी राहिली तरी नाव पुढे वाहत जाते.

रक्तवाहिनीत हेच घडतं. जिथे इजा किंवा दाह असतो तिथल्या वाहिनीच्या आतल्या भिंतीवर सिलेक्टिन नावाची प्रथिनं उगवतात. हा झाला धक्का, आणि तो एरवी बहुतेक ठिकाणी नसतोच. पांढऱ्या पेशीच्या अंगावर या धक्क्याला घासणारे साखरेचे धागे असतात, तो बांबू. त्यामुळे पेशी भिंतीवरून गडगडत सावकाश होते. दुखावलेल्या ऊतीतून रासायनिक हाक येत असते, आणि ती ऐकायला पेशीवर ‘कान’ असतात. हाक ऐकू आली की पेशी आपले दोर, म्हणजे इंटिग्रिन नावाची प्रथिनं, भिंतीला आवळते. मग दोन पेशींच्या फटीतून अंग चोरून पलीकडे उतरते.

आता चरबीतल्या मूलपेशीकडे पाहू. तिच्याकडे दोर असतात, पण बांबू जवळजवळ नसतो. मूळच्या जागी तिला थोडेफार कान असतात. त्यातला महत्त्वाचा म्हणजे सीएक्ससीआर-४. पण प्रयोगशाळेतल्या प्लास्टिकच्या बशीत, आयत्या खुराकावर आठवडे काढले की तोही बराचसा जातो. यात तिचा दोष नाही. ती मुळात प्रवासी पेशीच नाही. चरबीतल्या बारीक रक्तवाहिन्यांना बिलगून, आजूबाजूची देखभाल करत ती एकाच जागी आयुष्य काढते. घराबाहेर न पडलेल्या माणसाला आपण एकदम वाहत्या नदीत सोडतो आणि त्याने नेमक्या गावी उतरावं अशी अपेक्षा करतो.

मग तिला बांबू देता येईल का?

या विषयातलं मला सगळ्यात आवडलेलं काम इथलं आहे. बोस्टनमधल्या रॉबर्ट सॅकस्टीन यांनी २००८ मध्ये अस्थिमज्जेतल्या मूलपेशींवर एक प्रयोग केला. या पेशींच्या अंगावर सीडी-४४ नावाचं प्रथिन मुबलक असतं. पांढऱ्या पेशींच्या बांबूशी त्याचं जवळचं नातं आहे. फक्त त्याच्या साखरेच्या धाग्याला शेवटचा एक दुवा कमी असतो. सॅकस्टीन यांच्या गटाने विकर वापरून तेवढा दुवा जोडला. जनुकांना हात लावला नाही, पेशी मरूही दिल्या नाहीत. मग या मानवी पेशी उंदरांच्या शिरेत सोडल्या. काही तासांतच त्या हाडांत, अस्थिमज्जेच्या वाहिन्यांपाशी उतरलेल्या दिसल्या. तिथल्या वाहिन्यांवर सिलेक्टिनचा धक्का कायम बांधलेला असतो. साखरेच्या एका कणाने पेशीचा मुक्काम बदलला, हे वाचलं तेव्हा मी खरोखर थक्क झाले. चरबीतल्या मूलपेशींवरही सीडी-४४ भरपूर असतं, म्हणून ही युक्ती त्यांच्याही कामाची आहे.

दुसरी वाट पेशींचे कान परत आणण्याची. डाळिंबाच्या बागेला बहर धरायच्या आधी ताण देतात, पाणी तोडतात. पेशींनाही असाच ताण देता येतो. बशीत नेहमीपेक्षा कमी प्राणवायू ठेवला की त्या सीएक्ससीआर-४ पुन्हा वाढवतात. कारण प्राणवायूची टंचाई हीच इजा झालेल्या भागाची खूण असते, आणि टंचाईत वाढलेली पेशी तिथल्या हाकेला तयार असते. काही संशोधक या कानाचं जनुकच पेशीत घालतात. ते जास्त खात्रीचं आहे, पण जनुक बदललेली पेशी माणसाला द्यायची म्हणजे सुरक्षिततेच्या चाचण्या कित्येक पटींनी वाढतात.

पेशीला लोहाचे अतिसूक्ष्म कण खाऊ घालून बाहेरून लोहचुंबकाने ओढण्याचाही प्रयत्न झाला आहे. यात एक सोय अशी, की लोहामुळे पेशी कुठे गेल्या ते एमआरआयमध्ये दिसू शकतं. उंदरात हे छान चालतं. माणसात अडचण येते ती अंतराची. चुंबकाची ओढ अंतराबरोबर झपाट्याने घटते आणि माणसाचं हृदय छातीवर ठेवलेल्या चुंबकापासून उंदराच्या हृदयापेक्षा फार लांब असतं. शिवाय पेशी मेली आणि लोह दुसऱ्या पेशीने गिळलं, तर एमआरआय त्या दुसरीलाच आपली पेशी म्हणून दाखवतो.

यातलं बहुतेक काम अजून प्राण्यांपर्यंतच आलेलं आहे.

एवढा खटाटोप कशाला? सरळ तिथेच सुई मारावी

जिथे सुई पोचते तिथे असंच करतात. गुडघ्याचा सांधा ही बंद पिशवी आहे, तिथे फुप्फुसांचा फेरा चुकतो. पण हृदयाच्या स्नायूत सुईने सोडलेल्या पेशीही बहुतांशी काही तासांत वाहून जातात. धडधडणारा स्नायू त्यांना पिळून बाहेर काढतो. आजार अनेक ठिकाणी पसरलेला असेल तर सुया किती मारणार?

थेट टोचण्याचं सगळ्यात मोठं उदाहरण युरोपातलं आहे. क्रोन या आतड्यांच्या आजारात गुदद्वाराजवळ भगेंद्र होतो आणि तो काही केल्या भरत नाही. निरोगी दात्यांच्या चरबीतून वाढवलेल्या १२ कोटी मूलपेशी त्या जागेभोवती टोचायच्या, असं औषध स्पेनमध्ये विकसित झालं. २१२ रुग्णांच्या चाचणीत २४ आठवड्यांनी पेशी मिळालेल्यांपैकी सुमारे ५० टक्के बरे झाले, न मिळालेल्यांपैकी ३४ टक्के. २०१८ मध्ये युरोपने या औषधाला मान्यता दिली. मग ५६८ रुग्णांची मोठी चाचणी झाली आणि आकडे आले ४८.८ टक्के विरुद्ध ४६.३ टक्के. फरक जवळपास पुसला गेला. डिसेंबर २०२४ मध्ये हे औषध युरोपच्या बाजारातून मागे घेण्यात आलं.

मला या गोष्टीत पेशी न मिळालेल्यांचा आकडा महत्त्वाचा वाटतो. त्यांच्यातलेही ४६ टक्के बरे झाले, कारण दोन्ही गटांत आधी शस्त्रक्रियेने जखम नीट साफ केली होती. तुलनेसाठी दुसरा गट नसता तर सगळं श्रेय पेशींना गेलं असतं. ‘आमच्याकडचे निम्मे रुग्ण बरे झाले’ असं वाक्य कुठे वाचलंत तर हा ४६चा आकडा आठवा.

पेशी पोचत नाहीत, तरी काही प्रयोगांत फायदा दिसतो. कसा?

शंका रास्त आहे, आणि तिचं एक सुंदर उत्तर २००९ मध्ये मिळालं. डार्विन प्रॉकॉप यांच्या गटाने हृदयविकाराचा झटका दिलेल्या उंदरांना शिरेतून मानवी मूलपेशी दिल्या. अपेक्षेप्रमाणे त्या फुप्फुसांत अडकल्या. तरीही हृदयाचं नुकसान कमी झालं. शोध घेतल्यावर कळलं, की अडकलेल्या पेशी टीएसजी-६ नावाचं दाह शमवणारं प्रथिन रक्तात सोडत होत्या. पेशींमधलं हे प्रथिन बंद केलं तर फायदा गेला. पेशींऐवजी नुसतं प्रथिन दिलं तर फायदा बराचसा तसाच मिळाला.

म्हणजे वैद्य घरी पोचला नाही, पण वाटेतून त्याने औषधाची पुडी पाठवली. १९९१ मध्ये या पेशींना ‘मेसेंकायमल मूलपेशी’ हे नाव रूढ करणारे अर्नॉल्ड कॅप्लान यांनी २०१७ मध्ये आपण दिलेलं नावच बदलायची मागणी केली, ती यामुळेच. त्यांचं म्हणणं असं, की शरीरात गेल्यावर या पेशी नवी ऊती घडवत नाहीत, औषधी संदेश सोडतात, आणि ‘स्टेम सेल’ या नावामुळे रुग्णांची दिशाभूल होते. स्वतःच्या हाताने रुजवलेलं नाव मागे घ्यायला मोठं मन लागतं.

मग पत्ता निरर्थक ठरतो का? नाही. पुडीतलं काही रक्तातून दूरवर जातं, काही दोन-चार पेशींपलीकडे टिकत नाही. आजार कुठला त्यावर पेशी किती जवळ हवी ते ठरतं.

‘आपल्याच तर पेशी आहेत, धोका कसला?’

हा युक्तिवाद मी सगळ्यात जास्त ऐकते, आणि त्याचं उत्तर देताना मन कडू होतं. अमेरिकेतल्या फ्लोरिडात २०१५ मध्ये तीन महिलांनी, वय ७२ ते ८८, वयोमानाने क्षीण होणाऱ्या दृष्टीसाठी एका खासगी क्लिनिकमध्ये हे उपचार घेतले. त्यांच्याच पोटाच्या चरबीतून काढलेल्या पेशी एकाच दिवशी दोन्ही डोळ्यांत टोचल्या. आपण संशोधनात भाग घेतोय असं त्यांच्यातल्या काहींना वाटत होतं, तरी पैसे त्यांनीच भरले होते. डोळ्यांत रक्तस्राव झाला, दृष्टिपटल सुटले. तिघींचीही दृष्टी कायमची गेली किंवा जवळजवळ गेली. २०१७ मध्ये डॉक्टरांनी ही हकीकत प्रसिद्ध केली.

पेशी त्यांच्याच होत्या आणि पत्ताही अचूक होता. पण चरबीत राहणाऱ्या पेशीने डोळ्यात गेल्यावर कसं वागायचं हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. पुढे सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या एका अपील न्यायालयाने एसव्हीएफ हा गाळ म्हणजे औषधच आहे, आणि तो औषधाच्या नियमांतून सुटत नाही, असा निकाल दिला.

कर्करोगाकडे ओढ: भीती आणि संधी

कर्करोगाची गाठ म्हणजे कधीच न भरणारी जखम, असं हॅरॉल्ड ड्वोरॅक यांनी १९८६ मध्ये मांडलं होतं. जखमेसारखीच ती हाका मारत राहते, आणि मूलपेशी त्या हाकेला ओ देतात. तिथे पोचून गाठीला मदत केली तर? ही भीती खरी आहे. म्हणूनच कर्करोग झालेल्या किंवा होऊन गेलेल्या माणसाने जाहिरात पाहून या वाटेला जाऊ नये.

पण याच ओढीचा उपयोगही करता येतो. मेंदूशल्यचिकित्सक अल्फ्रेडो किनोनेस-हिनोहोसा यांच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या गटाने चरबीतल्या मूलपेशींना बीएमपी-४ नावाचं, गाठीची वाढ रोखणारं प्रथिन बनवायला लावलं. मेंदूत ग्लायोब्लास्टोमाची गाठ असलेल्या उंदरांना या पेशी दिल्या. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार हे उंदीर सरासरी ७६ दिवस जगले, उपचार न मिळालेले ५२ दिवस. ग्लायोब्लास्टोमाचे धागे निरोगी मेंदूत असे शिरलेले असतात की शल्यचिकित्सकाची सुरी सगळीकडे पोचत नाही. माग काढत जाणारी पेशी तिथे हवीच आहे.

आपल्याकडे आज काय चालतं?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, की रक्ताच्या आजारांसाठीचं मान्य प्रत्यारोपण सोडलं तर मूलपेशींचा वापर मंजूर चाचणीतच व्हावा. अस्थिमज्जेतून वाढवलेल्या पेशींच्या मोजक्या उत्पादनांना औषध महानियंत्रकांची मंजुरी मिळाली आहे. बंगळुरूत तयार झालेलं स्टेमप्युसेल त्यातलं एक. बर्गर या हातापायांच्या रक्तवाहिन्या बंद करणाऱ्या आजारातल्या पायाच्या जखमांसाठी आणि २०२२ पासून गुडघ्याच्या संधिवातासाठी ते चालतं. दोन्हीकडे ते त्या जागीच टोचतात, शिरेतून देत नाहीत.

काकूंना मी दोन गोष्टी विचारायला सांगितल्या. ही चाचणी असेल तर क्लिनिकल ट्रायल रजिस्ट्रीतला नोंदणी क्रमांक द्या, आणि चाचणी असेल तर आमच्याकडून पैसे कशाचे घेता? चाचणी नसून मान्य उपचार असेल, तर मंजुरीचं पत्र दाखवा, आणि पेशी शिरेतून दिल्यावर गुडघ्यापर्यंत किती पोचतात, ते कशावरून मोजलं? काकूंनी फोन केला. पलीकडून उत्तर आलं, ‘तुम्ही काकांना घेऊन या, डॉक्टर समजावतील.’ काका गेले नाहीत. सध्या ते मांडीच्या स्नायूंचे व्यायाम करतात आणि चार किलो वजन उतरवलं आहे.

जाहिरातीत आता नवा शब्द यायला लागलाय, एक्सोसोम. मूलपेशी ज्या सूक्ष्म थैल्यांतून संदेश पाठवतात त्या थैल्याच द्यायच्या, पेशी नकोतच, अशी ती कल्पना आहे. विचार चांगला आहे. थैल्या इतक्या बारीक असतात की फुप्फुसांच्या चाळणीतून सहज निसटतात. प्राण्यांच्या शिरेत सोडल्यावर मात्र त्यांचा मोठा वाटा यकृत आणि प्लीहा उचलतात. त्यांच्या अंगावर कोणता बांबू बांधावा, यावर आता प्रयोग चालू आहेत.